मोठीचे फुलकिडे

मी लग्न होऊन या घरी आले त्या दिवशी माझ्या थोरल्या जावेनं माझं तोंड पाहायच्या आधी माझा हार पाहिला. बाकीच्या बायका नवरी उजळ आहे की सावळी, उंच आहे की ठेंगणी याचा अंदाज घेत होत्या. ही गर्दीतून पुढं आली, माझ्या गळ्यातल्या हारातलं शेवंतीचं एक फूल धरून आपल्या तळहातावर झटकलं आणि तळहात नाकापाशी नेऊन म्हणाली, "जित्ते हायेत वं माय! मंगरूयपासून इथलोक आले, पण जित्ते हायेत." माझं माहेर मंगरूळपीरचं. मला वाटलं, ही माझ्या माहेरच्या माणसांना बोलतेय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती बोलत होती शेवंतीतल्या फुलकिड्यांबद्दल.

तेव्हापासून मी तिच्यावर जळत आले. हे मी कधी लपवलं नाही आणि आता ती गेल्यावर लपवायचं काही कारणही उरलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, असं सगळे सांगतात. मी चांगलंच बोलणार आहे, पण जळत जळत बोलणार आहे. मला दुसऱ्या कोणत्या रीतीनं तिच्याबद्दल बोलताच येत नाही.

गावात तिला सगळे मोठीच म्हणायचे. आमच्या घरातली मोठी सून म्हणून मोठी, पण पुढं पुढं असं झालं की गावात दुसरी कोणी मोठी उरलीच नाही. मी तोंडावर तिला 'बाई' म्हणायची, ती मला 'धाकटे' अशी हाक मारायची. अंगानं ठेंगणी, आवाजानं दणदणीत. वावरात जाताना लुगड्यावर भाऊजींचा जुना फुलबाह्यांचा सदरा घालायची आणि तो घातला की तिची चालच बदलायची. भाऊजी शांत माणूस. ते तिच्या मागून डबा घेऊन जायचे.

फुलकिडे म्हणजे काय हे शेती करणाऱ्याला सांगायला नको, पण आपल्यातले बरेच जण आता शहरात जाऊन राहिलेत, त्यांच्यासाठी सांगते. कृषी केंद्रवाला त्यांना थ्रिप्स म्हणतो. फिकट पिवळा, बारीक केसाचा तुकडा तोडून टाकावा एवढासा जीव. फुलाच्या आत, कोवळ्या पानाच्या मुडपात बसतो, पान खरवडतो आणि आतला रस पितो. पानावर आधी चंदेरी चट्टे येतात, मग पान वाकडंतिकडं होतं. मिरचीवर येतो, कपाशीवर येतो, कांद्यावर तर हमखास. सहजासहजी दिसत नाही. मोठीला दिसायचा. शेंडा तळहातावर झटकायचा आणि तळहाताच्या रेषांमधून काय चाललंय ते पाहायचं, एवढीच तिची विद्या. ती विद्या आमच्याकडं पुष्कळांना येते. पण मोठी ते करायला लागली की चार माणसं भोवती उभी राहायची आणि श्वास धरून बघायची. मी केलं की कोणी ढुंकून पाहायचं नाही. हे असं का, ते मला अजून कळलेलं नाही.

तिला स्वतःच्या डोळ्यांचा भारी गर्व. "माह्या डोयाले चष्मा नाही लागत. चष्मेवाल्याले मीच किडा दाखोतो," असं ती कोणालाही ऐकवायची. मोठी बोलायच्या भरात आली की स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायची आणि ते तिला शोभायचं, हाही माझा एक सल. मी एकदा तसं बोलून पाहिलं तर सासरे म्हणाले, "सुनबाई, बरं नाही काय तुले?"

तिच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. कोणी विचारलं की बाई, हा फुलकिडा एवढासा, त्यानं काय होते, तर ती म्हणायची, "फुलकिडा म्हंजे नवी सून. घरात दिसत नाही, पण पाह्यता पाह्यता घराचा रस कमी होते." मी नवीन असताना खळ्यावर, दहा बायांच्या देखत तिनं हे पहिल्यांदा म्हटलं आणि सगळ्या माझ्याकडं बघून हसल्या. मीही हसले. घरी येऊन भाकरी थापताना एवढा जोर लावला की परात उलथली. मोठीच्या मनात तसं काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तिला बोलायला मिळालं की ती बोलायची. पण मनात नसताना माणूस इतकं नेमकं कसं बोलतं, याचाच जास्त राग येतो.

विहारातही तिला चैन पडायचं नाही. पौर्णिमेच्या वंदनेला सगळे डोळे मिटून, हात जोडून बसलेले आणि ही पूजेला आणलेल्या फुलांच्या ताटाजवळ सरकलेली. एकदा वंदना सुरू असतानाच 'टप टप' असा आवाज आला. कोणी डोळे उघडले नाहीत, कारण सगळ्यांना माहीत होतं. वंदना संपल्यावर ज्यांच्या घरची फुलं होती त्या म्हातारीला मोठी म्हणाली, "आजीबाई, फुलं वाहा, पण परसातल्या मिरचीकडं पाहून घ्या. घरात घुसले तुमच्या." म्हातारी घाबरून उठलीच. पुढं मिरचीची रोपं वाचली म्हणून तिनं मोठीला वाटीभर तीळ आणून दिले. मी त्याच विहारात वर्षानुवर्षं झाडलोट करते. मला कोणी कधी तीळ दिल्याचं आठवत नाही.

केनवडच्या बाजारादिवशी तर आमच्या अंगणात जत्राच भरायची. बाजाराला आलेली आजूबाजूच्या गावची माणसं जाता जाता पिशवीतून मिरचीचे शेंडे, कपाशीची फुलं, कांद्याची पात घेऊन यायची. मोठी ओसरीवर बसायची, एकेक शेंडा झटकायची, "हाये," "नाही," "लय हाये, आता काय पाह्यतं?" असा न्याय द्यायची. चहा मी करायची. चहा माझा आणि नाव तिचं. कोणी म्हणायचं, "मोठीच्या घरचा चहा म्हंजे फक्कड." घर वेगळं झालं, चुली वेगळ्या झाल्या, तरी चहा माझ्याच चुलीवर, कारण तिच्या हातचा चहा पिवळं पाणी असायचा. ती हे स्वतःच हसत सांगायची आणि लोकांना तेही आवडायचं.

मोबाइल आले तेव्हा मला वाटलं, आता हिचा बाजार उठणार. पोरं पानांचे फोटो काढून आणायला लागली. मोठीनं फोन हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला. म्हणाली, "फोटोत किडा चालत नाही. चालला तं कयते. शेंडा आन." पोरं शेंडा आणायला पळाली. माझी आशा तिथंच संपली.

आता मलाही काही कमी कळत नव्हतं. माझ्या बाबांची मंगरूळपीरकडं थोडी संत्र्याची झाडं होती. फुलकिडा फुलाच्या पाकळीखाली शिरला की पुढं संत्र्याच्या देठाभोवती खरबरीत कडं उठतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पहिल्याच वर्षी मी हे कौतुकानं घरात सांगितलं. मोठी म्हणाली, "थो मंगरूयचा फुलकिडा. आमचा येगया." सगळे खो खो हसले. पुढं बियाणं कंपनीची एक मुलगी आमच्याकडं यायला लागली, तिला मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, हो मावशी, फुलकिड्यांच्या जाती पुष्कळ आहेत, संत्र्यावरचा वेगळा आणि कांद्यावरचा वेगळा. म्हणजे मोठीनं गमतीनं ठोकून दिलेलंही खरं निघायचं. असल्या माणसापुढं काय करणार?

ती चुकायची नाही असं मात्र नाही. एका वर्षी सोयाबीन पिवळं पडलं, तर हिनं शेंडे झटकून छातीठोक सांगितलं की फुलकिडा आहे. तो नव्हता, पांढऱ्या माशीनं आणलेला पिवळा रोग होता. माझा त्या दिवशी सण झाला. मी गोड शिरा केला आणि आमचे हे विचारायला लागले की आज काय आहे. पण गावानं काय म्हणावं? "माणूसच हाये, चुकतेच." मोठी स्वतः तर दोन दिवसांत ती गोष्ट रंगवून सांगायला लागली, "मी कशी हाबकली, मालूम हाये काय!" आणि माझा एकदा पाहुण्यांसमोर भात करपला होता, तो अजून लोकांच्या तोंडी आहे.

हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते एकच. माझ्या नवऱ्याची आई तो लहान असताना वारली, मोठीनं त्याला वाढवला. म्हणून त्याच्यासाठी वहिनीचा शब्द म्हणजे शेवटचा. वावरात काय पेरायचं, फवारा कधी मारायचा, पोरीला कोणत्या शाळेत घालायचं, मी काही म्हटलं की हे मान डोलवायचे आणि मग हळूच म्हणायचे, "वहिनीले इचारलं काय?" संसाराच्या सुरुवातीला मी यावर रडले, मग भांडले, मग गप्प बसायला लागले. गप्प बसले तरी आत धग राहायचीच. माझी स्वतःची पोरगी शाळेतून आली की आधी मोठीच्या ओसरीवर जायची आणि घरी येऊन कढीपत्त्याची डहाळी तळहातावर झटकत बसायची. मी तिच्या हातावर चापट मारली की ती म्हणायची, "मोठी आई तं असंच करते."

वाटणी झाल्यावर दोन्ही भावांची वावरं शेजारीच आली, मधे फक्त धुऱ्याचा बांध. त्यानंतर एका वर्षी आम्ही विहिरीजवळच्या तुकड्यात कांदा बियाण्याचा प्लॉट करायचं ठरवलं. आमच्या भागात हे चालतं. दिवाळीच्या सुमारास निवडलेले कांदे लावायचे, त्याला उंच दांडे येतात, दांड्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गोंडे फुलतात आणि गोंड्यात काळं बी भरतं. ते बी कंपनी नेते. हे कशावर खूश झाले होते कोण जाणे, मला म्हणाले, "हा तुकडा तुहा. तूच पाह्यजो." मी तेव्हाच मनाशी ठरवलं की या एका तुकड्यात मोठीचा तळहात येऊ द्यायचा नाही. हे बी माझ्या शब्दावर भरलं पाहिजे आणि माझ्या नवऱ्यानं एकदा तरी, दुसऱ्या कोणाला न विचारता, माझं ऐकलं पाहिजे. बाकी काही मागणं नव्हतं.

गोंड्यात बी भरायला मधमाशी लागते. म्हणून मी प्लॉटच्या कडेनं मोहरी पेरली, पिवळ्या फुलांना माशा आधी येतात म्हणून. पोरं हसली, "काकू, भाजी करता काय?" मी लक्ष दिलं नाही. माघात मोहरी फुलली, पाठोपाठ गोंडे उमलायला लागले आणि सकाळी ऊन चढलं की प्लॉटमध्ये असा गुंजारव सुरू व्हायचा की मी डोक्यावर पदर घेऊन नुसती ऐकत उभी राहायची. आणि त्याच दिवसांत, ढगाळ हवा गेली, कोरडी ऊब सुटली आणि फुलकिडे वाढले. पातीवर चंदेरी ओरखडे, दांड्यांवर चंदेरी ओरखडे. मी गोंडा हातावर झटकून पाहिला तर तळहात भरून वळवळ. त्या वेळी तिथं कोणी नव्हतं म्हणून बरं, मी तिथंच सरीत बसले.

आमच्या खालच्या अंगाला एका शेजाऱ्याचा असाच प्लॉट होता. त्याचेही दांडे चंदेरी झाले, तो घाबरला आणि त्यानं भर दुपारी औषध मारलं. दुसऱ्या दिवशी हे त्याचं वावर पाहून आले आणि पाठीवर पंप अडकवतच म्हणाले, "त्याचा प्लॉट कसा चकाचक झाला पाह्य. एक बी किडा नाही. आपन बी आज मारून टाकू."

मीही तिकडं जाऊन आले होते. किडा नव्हता, हे खरं. पण त्याच्या गोंड्यांवर माशीही नव्हती. सऱ्यांमध्ये मेलेल्या माशा पडल्या होत्या आणि प्लॉट गप्प होता.

मी म्हटलं, "औषध मारू नका. माशा मेल्या तं बी कोन भरन?"

"आन फुलकिड्यानं दांडे वायले तं?"

"साधं पानी मारा. दिवस कलला, माशा गेल्या, का खालून पातीवर आन दांड्यावर जोरानं पानी मारा. गोंड्याले लागू देऊ नका. बाबा मिरचीवर असंच मारत."

हे हसले. "पान्यानं किडा मरते काय?"

"मरत नाही, पडते. पडला का पुन्हा चढालोक त्याले टाइम लागते. बी भरेलोक रोज पाडू."

त्यांच्या तोंडावर ते वहिनीचं वाक्य येताना मला दिसलं आणि मी खरं सांगते, ते वाक्य आलं असतं तर मी पंप हिसकावून विहिरीत टाकला असता. ते आलं नाही. त्याऐवजी हे धुऱ्याकडं गेले आणि "वहिनी! वो वहिनी!" अशी हाक मारली.

मोठी आली. अंगात सदरा, डोक्याला रुमाल. धुऱ्यापाशी थांबली. मी पाठ करून उभी राहिले, पण कान मागंच होते.

"काय झालं, काहून बोंबलून राह्यला?"

"वहिनी, प्लॉटवर लय फुलकिडे झाले. एकदा पाहून घ्या अन सांगा, काय मारू."

मला वाटलं, आता धुऱ्यावरून पाऊल टाकेल, गोंडा मोडेल, टप टप करेल. ती धुरा ओलांडून आली नाही. मी वळून पाहिलं तर दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात कोंबून उभी होती आणि डोळे मात्र गोंड्यांवर खिळलेले.

"प्लॉट कोनाचा हाये हा?" तिनं विचारलं.

"आपलाच."

"आपला म्हंजे कोनाचा?"

हे गडबडले. "तिचा. धाकटीचा."

"मंग तिले इचार. मले काहून बलावलं?"

"थे तं नुसतं पानी मार म्हणते."

"तं मार," मोठी म्हणाली आणि वळली. दोन पावलं गेली, पण तिला राहवेना. धुऱ्याला लागून माझी मोहरी फुललेली होती. तिनं एक तुरा तोडला, तळहातावर झटकला, पाहिलं आणि "मोहरीत बी फुलकिडे हायेत," असं वाऱ्यावर सोडून निघून गेली.

यांनी मुकाट्यानं पंपात साधं पाणी भरलं. मी जे तोंड फाटेस्तोवर समजावलं होतं ते तिच्या 'तं मार'नं झालं. माझा शब्द पाळला गेला, पण तिच्या परवानगीनं पाळला गेला. तिनं चांगलं केलं की वाईट, ते मी आजपर्यंत ठरवू शकले नाही. चांगलंच केलं. म्हणून तर झोंबलं.

पुढं रोज दिवस कलताना आम्ही दोघं पाणी मारत होतो. काही दांडे वाळले, काही गोंडे डागाळले. मला जेवण गोड लागेना. सकाळी ऊन चढून गुंजारव ऐकू आला की घास खाली उतरायचा. शेवटी गोंडे फुटायला लागले तेव्हा मी एक गोंडा चोळून पाहिला आणि काळंभोर, टपोरं बी हातात आलं. खालच्या शेजाऱ्याचे गोंडे मोठे होते, डौलदार होते आणि बहुतेक पोचट निघाले. त्याच्या बायकोला बांधावर बसलेली पाहून मला खरंच वाईट वाटलं. पण स्वतःच्या प्लॉटकडं वळले की पुन्हा आनंद व्हायचा, त्याला मी काय करू?

माणसं प्लॉट बघायला आली. केनवडची आली, पार इंझोरीकडचे कोणाचे तरी पाहुणेही येऊन गेले. मी धुतलेलं लुगडं नेसून उभी. आणि पहिलाच माणूस म्हणाला, "पान्याचं मोठीनंच सांगतलं असंन!"

मोठी तिथंच होती. म्हणाली, "नाही रे बाबा. धाकटीनंच केलं सगयं. मले इचारलं बी नाही."

तो माणूस बाजूच्याला म्हणाला, "पाह्य, किती मोठं मन हाये. जावेले मान देऊन राह्यली."

मोठीनं पुन्हा सांगितलं, जोरात सांगितलं, अगदी शपथ घेतली. जितकं सांगावं तितका तिचाच मोठेपणा वाढत गेला. ती हो म्हणाली असती तर तिची हुशारी झाली असती आणि नाही म्हणाली तर तिचं मन झालं. माझ्या वाट्याला पुन्हा चहाच. कंपनीच्या मुलीनं यांना विचारलं, "काका, ही युक्ती कुणाची?" तर हे छाती फुगवून म्हणाले, "आमच्या घरचीच!"

पुढच्या पावसाळ्यात मोठी आजारी पडली. पोटात गाठ निघाली. अकोल्याला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. दवाखान्यात तिच्यापाशी मीच राहिले, कारण तिची पोरं दूर नोकरीला आणि भाऊजींना तिथली गर्दी सोसायची नाही. तिथंही आठवडाभरात सगळ्या नर्सा तिच्या. कोणी भेटायला फुलं आणली की ही तळहात पुढं करायची आणि नर्सा भोवती जमायच्या. एक नर्स मला म्हणाली, "मावशी, तुम्ही नशीबवान, अशी जाऊ मिळाली." मी तिच्याकडं असं पाहिलं की ती पुन्हा माझ्याशी बोललीच नाही.

दिवाळी झाल्यावर तिला घरी आणली, दवाखान्यात आता काही होणार नव्हतं म्हणून. बाजेवर पडल्या पडल्या तिनं विचारलं, "धाकटे, कांदे लावले काय?"

"लावले."

"मिरचीले चिकटून नोको लावजो. तिकडचे फुलकिडे इकडं येतात."

"मले समजते, बाई."

तिनं कूस वळवून माझ्याकडं तोंड केलं. मग म्हणाली, "तुले समजते, हे मले पयल्या सालापासून मालूम हाये. मंगरूयचं सांगतलं होतं तूनं, तवापासून. पण तू कवा बोललीच नाही वं. नुसती चहा करून चहा देत गेली. एकदा तरी म्हनाचं होतं, मोठे, तू चुकून राह्यली. तुह्यासंगं भांडाले लय मजा आली असती."

मला एवढा राग आला की मी हातातला पाण्याचा गिलास खाली आदळला. एवढी वर्षं मी आतल्या आत भांडत होते आणि हिला बाहेर कोणी भांडायला नव्हतं म्हणून कंटाळा येत होता! मी म्हटलं, "भांडा नं मंग. आता भांडा."

"आता दम नाही राह्यला," ती म्हणाली आणि हसली. मी तिला पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि बाहेर येऊन रडले.

मोठी थंडीत गेली. पुण्यानुमोदनाला एवढी माणसं आली की अंगण पुरलं नाही, रस्त्यावर सतरंज्या टाकाव्या लागल्या. जो तो तिचीच गोष्ट सांगत होता आणि प्रत्येकाच्या गोष्टीत कोणाचं तरी पीक वाचत होतं. हे भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले. त्या गर्दीत वाढप करताना माझ्या मनात आलं, मी गेले तर इतके येतील का? आलं मनात, काय करणार.

आणि माघ आला. प्लॉट पुन्हा फुलला. कडेनं मी मोहरी पेरली होती, औंदा कोणी हसलं नव्हतं, उलट चारदोन जणांनी आपल्या प्लॉटला पेरली होती. फुलकिडे आले. एके दिवशी मी सऱ्यांमधलं गवत काढत बसले होते तेव्हा हे आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. पंप जमिनीवर ठेवला. धुऱ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"काय करू?" त्यांनी मला विचारलं. "तू सांग."

मी म्हटलं, "आज काही नोको. माशा चांगल्या हायेत. दोन दिवस पाहू, मंग पानी मारू."

"बरं," ते म्हणाले. उठले, पंप उचलला आणि झोपडीत नेऊन ठेवला. दुसरा शब्द नाही, 'नक्की काय?' नाही, कोणाला हाक नाही. सरळ बैलाला पाणी पाजायला निघून गेले.

मी खुरपं हातात धरून तशीच बसले. एवढ्यासाठी मी अर्धा जन्म जळले होते आणि ते असं, विचारायला दुसरं कोणी उरलं नाही म्हणून माझ्या ओटीत येऊन पडलं. मला ते तिच्यापासून जिंकून घ्यायचं होतं. ती समोर उभी असताना, तिच्या नाकावर टिच्चून. उठून धुऱ्यापाशी गेले. पलीकडं भाऊजींचं वावर पडीक होतं, त्यात नुसतं गवत. मी इकडंतिकडं पाहिलं, कोणी नव्हतं, तेव्हा कंबरेवर हात ठेवले आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "या नं आता, बाई! आता भांडते मी! येता काहून नाही? आता कोनाले दाखवू?"